टेपवर की लॅपटॉपवर? सहा गाणी, चार दिवस आणि भोसरीतली शेड

खरखर | २१ जून, रात्री ११:४०

मंडळी, आमचा तिघांचा बँड आहे. गिटार, बास, ड्रम. गाणी मराठीत, बहुतेक दीड-दोन मिनिटांची, हार्डकोर पंक. तीन वर्षं वाजवतोय, पण कुणाच्या हातात ठेवावं असं एकही रेकॉर्डिंग नाही. आता सहा गाणी पक्की करायची आहेत. भोसरी एमआयडीसीत बासवाल्याच्या वडिलांची प्रेस-शॉपची शेड आहे. शनिवारी दुपारी मशिनं थांबतात ती सोमवारी सकाळी सुरू होतात. मधला वेळ आमचा. असे दोन शनिवार-रविवार मिळालेत.

गिटारवाल्याकडे चार ट्रॅकचा कॅसेट पोर्टास्टुडिओ आहे, म्हणजे साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करणारं यंत्र. त्याच्या मावशीने नव्वदच्या दशकात अमेरिकेतून आणलेला, अजून चालू. तो म्हणतो, यावरच करू. बासवाला म्हणतो, आठ इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) भाड्याने आणू आणि लॅपटॉपवर करू. मी ड्रमर. दोघांच्या मध्ये बसतो आणि दोघांचंही ऐकतो.

माझा कल टेपकडे आहे, आणि त्याचं कारण अमेरिकेतला रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी. मे २०२४ मध्ये तो गेला, ६१ वर्षांचा होता. त्यानंतर मी त्याचं सगळं पुन्हा ऐकायला बसलो. निर्वाणा या बँडचा १९९३ चा अल्बम त्याने मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत दोन आठवड्यांत टेपवर उतरवला. मोबदला एकरकमी एक लाख डॉलर. रॉयल्टी घ्यायचीच नाही, हे त्याने आधीच पत्रात लिहून कळवलं होतं. रेकॉर्ड म्हणजे बँडची कमाई, प्लंबर घरात नळ बसवतो तसं आपलं काम, अशी त्याची भूमिका. त्या रेकॉर्डमधले ड्रम ऐकले की खोली दिसते. भिंत किती लांब आहे तेही कळतं. मला आमच्या शेडचं तसं हवंय.

ज्यांनी दोन्ही पद्धतींनी काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

डबलपेडल | २२ जून, सकाळी ८:१५

मी डोंबिवलीचा, डेथ मेटल वाजवतो. माझं मत सरळ डिजिटलच्या बाजूने.

दोनशेच्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला दोनशे मात्रांना, डबल किकचे (दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमचे) सोळांश, म्हणजे मात्रेला चार ठोके, वाजवले तर सेकंदाला तेराहून जास्त ठोके पडतात. दोन ठोक्यांत जेमतेम ७५ मिलिसेकंद. त्यात प्रत्येक ठोक्याची सुरुवात स्वच्छ ऐकू आली पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला नुसती घरघर पोचते. टेप नेमकी ती सुरुवातच बोथट करते. तुमच्या दीड मिनिटाच्या पंकला ते चालेल, छानही वाटेल. आमचे पाय दोन-दोन वर्षं घासून जे कमावतात ते त्यात बुडतं.

दुसरं, ‘टेपवर खोटेपणा करता येत नाही’ असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. मेटालिकाचा १९८८ चा अल्बम टेपवरच झाला. त्यात ड्रमच्या टेपला ब्लेड लावून, वेगवेगळ्या टेकमधले (एकेका वेळच्या वाजवण्यातले) तुकडे चिकटपट्टीने जोडून एक अखंड टेक तयार केला होता. उलटं उदाहरण मेशुगा या मेटल बँडचं. २००५ च्या अल्बमवर ड्रम पूर्णपणे प्रोग्राम केलेले आहेत, म्हणजे त्या रेकॉर्डसाठी ड्रमवर कुणी बसलंच नाही. आणि तरी ती गेल्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्यात जड रेकॉर्डपैकी एक आहे. माझ्या मते तरी.

रीळ_आणि_मी | २२ जून, रात्री ९:०५

धागा वाचून फार आनंद झाला. मी गेली नऊ वर्षं अमेरिकेत स्टुडिओतली यंत्रं दुरुस्त करते. रोज हेड (टेप ज्यावर घासून जाते तो चुंबकी भाग) साफ करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेली लोहाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी. आवाजाचा विद्युतप्रवाह हेडमधून जातो आणि त्या कणांना चुंबकत्व येतं. आवाज जसा वाढतो तसं चुंबकत्व वाढतं, पण एका मर्यादेपर्यंत. कण भरत आले की आत आवाज दुप्पट टाकला तरी टेपवर दुप्पट उमटत नाही. लाटेचा शेंडा हळूहळू गोल होतो. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. शेंडा गोल होताना मूळ सुराच्या तिप्पट कंपनाचा सूर त्यात मिसळतो, म्हणून स्नेअर ड्रम जाड वाटतो. डबलपेडल म्हणतो ते बोथटपण आणि खरखरला हवा असलेला जाडपणा ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. दोघंही बरोबर ऐकताय.

कम्प्युटरला असा उतार नसतो. शून्य डेसिबलपर्यंत जसंच्या तसं, त्यापुढे सपाट छाटलेलं. सोळा बिटच्या काळात हाताशी ९६ डेसिबल होते, म्हणून लोक लेव्हल वर चढवत आणि छाटून घेत. आता २४ बिट आहेत, तो खटाटोप नको. खरखर, तुम्ही लॅपटॉप घेतलात तर सगळ्यात मोठा ठोका उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील इतकीच लेव्हल ठेवा. कुणी ‘अजून वाढव’ म्हटलं तरी वाढवू नका.

आता वेग. मोठ्या स्टुडिओतली २४ ट्रॅकची टेप दोन इंच रुंद असते आणि सेकंदाला १५ किंवा ३० इंच पळते. अडीच हजार फुटांचं एक रीळ ३० इंच वेगाला सोळा-सतरा मिनिटांत संपतं. नव्या रिळाला तीनशे डॉलरच्या वर पडतात. वेगाचा आवाजावर परिणाम होतो तो असा: हेडच्या आकारामुळे खालच्या सुरांत एक फुगवटा येतो. १५ इंचाला तो साधारण ४० ते ८० हर्ट्‌झमध्ये बसतो, ३० इंचाला तो एक सप्तक वर सरकतो. जड संगीताचं सगळं राजकारण याच पट्ट्यात चालतं. गिटारची खालची तार ई ला लावली तर ८२ हर्ट्‌झ, सी शार्पला उतरवली तर ६९. म्हणून कितीतरी जण खरखर जास्त येते हे माहीत असूनही १५ इंचच निवडतात. एवढ्या ॲम्पच्या गुरगुरीत टेपची सरसर कुणाला ऐकू येणार?

पण तुमच्याकडे आहे ती कॅसेट. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीत चार ट्रॅक. नेहमीच्या कॅसेटचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, बऱ्याच पोर्टास्टुडिओंचा त्याच्या दुप्पट. दोन इंची टेपचा ३० इंच वेग म्हणजे ७६ सेंटिमीटर. तेव्हा ‘टेपवर केलं’ म्हटलं तरी अल्बिनीची टेप आणि ही टेप यांत अंतर फार आहे. त्याची टेप जवळपास आरशासारखी वागायची. कॅसेट आपला रंग लावणारच.

ओलीसुकी | २२ जून, रात्री ९:४०

वाचतेय. फक्त एक शंका. चारच ट्रॅक असतील तर ड्रमला किती जातील आणि आवाजाला काय उरेल?

रीळ_आणि_मी | २२ जून, रात्री १०:१०

@ओलीसुकी, तीन ट्रॅकवर ड्रम, बास, गिटार घ्यायचं, त्यांचा समतोल साधून ते तिन्ही चौथ्या ट्रॅकवर उतरवायचे. मग पहिले तीन पुसून मोकळे. याला बाउन्स म्हणतात. एकदा पुसलं की परत जाता येत नाही. बास कमी वाटला तर तो कायमचा कमी. आणि दर उतरवणीला खरखर वाढते, चमक कमी होते.

मात्र त्याने काम होत नाही असं अजिबात नाही. डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडने १९९४ चा अल्बम घरीच चार ट्रॅकवर केला. त्या रेकॉर्डमधली थंडी त्या यंत्रातूनच आली आहे.

सुईदोरा | २३ जून, दुपारी १:३०

मी वाजवत नाही, ऐकतो आणि जमवतो. मला वाटतं पंकच्या बाबतीत हा वाद मूळ जागा सोडून चाललाय.

बझकॉक्स या पंक बँडची पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी) डिसेंबर १९७६ मध्ये मँचेस्टरला एका दिवसात झाली. पाचशे पौंड, तेही ओळखीपाळखीत उसने घेतलेले. स्वतःच छापली, स्वतःच विकली. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. आणि पाकिटावर छापलं काय, तर कुठलं गाणं कितव्या टेकचं आणि त्यावर वरून काही चढवलंय की नाही. ऐकणाऱ्याला कृती दाखवली, की बघ, एवढंच लागतं, तुलाही जमेल. मला ते पाकीट त्या गाण्यांइतकंच प्रिय आहे.

रामोन्सचा पहिला अल्बम १९७६ चा, साधारण ६,४०० डॉलरमध्ये. हस्कर डूचा १९८४ चा दोन तबकड्यांचा अल्बम ३,२०० डॉलरमध्ये, आणि त्यातली दोन सोडून सगळी गाणी पहिल्याच टेकची. मायनर थ्रेट आणि त्यांच्या आजूबाजूची वॉशिंग्टनची पोरं आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएंटाराच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड करत. बॅड ब्रेन्सचा पहिला अल्बम १९८२ मध्ये निघाला तो फक्त कॅसेटवर.

यातल्या कुणीही टेप ‘निवडली’ नव्हती. त्या वेळी टेपच होती, आणि त्यातली जी स्वस्त ती त्यांनी घेतली. आज स्वस्त काय आहे? भाड्याचा इंटरफेस. १९७६ ची ती पोरं आज भोसरीत असती तर लॅपटॉप उघडून बसली असती, यात मला शंका नाही. तीनशे डॉलरचं रीळ घेणं हा पंकचा मार्ग नव्हे.

खरखर | २३ जून, रात्री ११:५५

@सुईदोरा, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. पैशाचा मुद्दा मान्य. पण स्वस्त साधनाबरोबर एक शिस्त यायची ती आता येत नाही, आणि मला खरी भीती तिचीच आहे.

मागच्या वर्षी आम्ही एका गाण्यासाठी लॅपटॉपवर प्रयत्न केला होता. एक मिनिट चाळीस सेकंदांचं गाणं. ड्रमचे एकोणीस टेक, गिटारचे आठ थर, आवाजाचे किती ते मोजले नाहीत. मग मी रोज रात्री कामावरून आल्यावर स्क्रीनसमोर बसून ठोके एक-एक करून तालाच्या रेघेवर सरकवायचो. महिनाभर. शेवटी सगळं रेघेवर आलं, आणि ते आमचं राहिलं नाही. दुसऱ्या कडव्याला आम्ही तिघंही नकळत पुढे पळतो, तिथे लोक उड्या मारतात. ते पळणं मीच माझ्या हाताने पुसून टाकलं होतं. गाणं तसंच पडून आहे. ऐकवत नाही.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनमध्ये एका दिवसात झाला, चार ट्रॅकवर. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशिनमध्ये गेली होती. पुढे त्याने तारा सैल लावल्या, बोटांना सोपं जावं म्हणून, आणि तो खालचा जड सूर तिथून आला. आमच्या शेडमध्ये प्रेसवर काम करणाऱ्या एका काकांचं बोटाचं पेर गेलंय. आम्ही वाजवत असलो की ते कधीकधी डबा उघडून बसतात आणि ऐकतात. मला त्या शेडमध्ये काहीतरी अर्धवट करायचं नाहीये. एवढंच.

डबलपेडल | २४ जून, सकाळी ७:५०

अरे खरखर, तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं, पण त्यात दोष लॅपटॉपचा नाही रे. ठोके सरकवायला त्याने सांगितलं नव्हतं.

मेशुगाचं मी वर लिहिलं, ते अर्धंच लिहिलं. २००५ ला ड्रम प्रोग्राम केलेला तोच बँड २०१६ च्या अल्बमसाठी स्टुडिओत एकत्र उभा राहून लाइव्ह वाजवून रेकॉर्ड झाला. दोन्ही वेळा त्यांनी ठरवून केलं. साधन तेच असतं, ठरवणारे आपण असतो.

आणि ‘डिजिटल कानाला टोचतं’ असं लोक म्हणतात, त्याबद्दल. मेटालिकाचा २००८ चा अल्बम बाहेर आला तेव्हा लोकांनी ऐकलं की गिटार हिरो या खेळात तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजतायत. गाणी तीच, वाजवणं तेच. सीडीसाठी मात्र सगळा आवाज दाबून-दाबून वरच्या टोकाला चिकटवलेला. म्हणजे बिघाड शेवटच्या टप्प्यात झाला, लेव्हल चढवण्याच्या हव्यासात. टेपवर केलेलं गाणंसुद्धा तसं मारता येतं.

ओलीसुकी | २४ जून, सकाळी ११:२०

@डबलपेडल +१. त्याला जोड म्हणून: २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या कंपनीचं प्रकरण निघालं होतं. मूळ ॲनालॉग मास्टरवरून, म्हणजे थेट मूळ टेपवरून, काढलेल्या म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या त्यांच्या कितीतरी तबकड्यांत मधला एक टप्पा डिजिटल होता, वर्षानुवर्षं. फरक कानाने पकडतो असं सांगणाऱ्या लोकांच्या घरी त्या वाजत होत्या आणि त्यांना त्या आवडत होत्या.

रंगभवन_८९ | २५ जून, रात्री १०:३०

तुम्ही सगळे आवाजावर बोलताय. मी जरा वेगळं सांगतो. माझं वय ५४.

धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक व्हायचं. १९८६ पासून. आम्ही ठाण्याहून लोकलने जायचो. १९८९ ते ९५ मी जवळजवळ दरवर्षी गेलो, आणि दोनदा खिशात वॉकमन रेकॉर्डर घेऊन गेलो. त्या चार कॅसेट माझ्याकडे आहेत. आवाज फाटलेला, माझ्याच मित्राची शिट्टी सगळ्यात मोठी. तीस पावसाळे झाले. दोन कॅसेटना पांढरी बुरशी धरली होती, ती मी कापसाने, हळूहळू, रीळ उलगडत साफ केली. गेल्या दिवाळीत चारही पुन्हा ऐकल्या. तो मित्र आता नाही. शिट्टी आहे.

२००५ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या बँडने कम्प्युटरवर पाच गाणी केली. त्या वेळी ती खूपच चांगली झाली होती. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, एका हार्ड डिस्कवर होतं. डिस्क बंद पडली. एक बॅकअप होता, डीव्हीडीवर. ती वाचली जाते, फाइल दिसते, पण तेव्हाचं ते सॉफ्टवेअर आता चालत नाही आणि नव्यात ती फाइल उघडत नाही. भावाने फार माणसांना विचारलं. आता आमच्याकडे उरलीय ती एमपी३, १२८ ची, म्हणजे दाबून लहान केलेली. बासवाल्याने त्या गाण्यांत काय वाजवलं होतं ते त्यालाही आता आठवत नाही.

पोरांनो, कशावरही करा. पण तीस वर्षांनी ते कोण आणि कशावर उघडणार, हे आज ठरवा.

रीळ_आणि_मी | २५ जून, रात्री ११:१५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

अल्बिनीचा टेपबद्दलचा मूळ मुद्दा हाच होता, आवाजाचा नव्हे. टेप हे कुणाच्याही परवानगीवाचून उघडता येणारं साधन आहे, असं त्याचं सांगणं. हेड आणि मोटर असली की झालं. शंभर वर्षांनी कुणी शहाणा माणूस ते यंत्र पुन्हा बनवू शकेल, पण बंद पडलेल्या कंपनीचं बंद पडलेलं सॉफ्टवेअर कोण बनवणार? ज्याने माझ्यावर विश्वासाने आपलं काम सोपवलं त्याचं काम टिकवणं माझ्या पेशात येतं, अशा भावनेने तो टेप वापरत राहिला. शिकागोतल्या त्याच्या स्टुडिओत मोठी रिळं जपून ठेवलेली असत. आणि तोच माणूस २०१४ मध्ये मेलबर्नच्या भाषणात म्हणाला होता की इंटरनेटने संगीताचं भलंच केलं. त्यात मला विरोध दिसत नाही. जपायला टेप, पोचवायला इंटरनेट.

पण माझ्या बाकावर येणाऱ्या रिळांबद्दलही प्रामाणिकपणे लिहायला हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही नावाजलेल्या टेप आता चिकट झाल्यात. भुकटी धरून ठेवणारा पदार्थ हवेतली ओल पितो, आणि टेप वाजवायला लावली की हेडवर तपकिरी चिखल जमतो. अशी रिळं आम्ही मंद आचेवर, ५० ते ५५ अंशांना, आठेक तास भाजतो. मग काही आठवडे ती वाजतात. तेवढ्यात उतरवून घ्यायचं, कशावर? डिजिटलवर. जून २००८ मध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, त्यात मूळ मास्टर टेप जळाल्या. टेपची प्रत एकच असते आणि ती जळू शकते. शिवाय टेप बनवणारेही कमी झालेत. अमेरिकेतला मोठा कारखाना जानेवारी २००५ मध्ये बंद पडला. आज मुख्यत्वे पेनसिल्व्हेनियात एक आणि फ्रान्समध्ये एक, असे दोन बनवणारे आहेत.

काका, भावाला सांगा, प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून शून्यापासून शेवटापर्यंत काढून ठेवला असता तर आजही उघडला असता. आता उशीर झाला हे माहीत आहे. इतरांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते. वेव्ह हा साधा, उघड प्रकार आहे, त्याला कुठल्याही एका सॉफ्टवेअरची गरज नाही.

आणि हो, ती जुनी डीव्हीडी फेकू नका. मला व्यक्तिगत निरोप करा. ते सॉफ्टवेअर कुठलं होतं ते कळलं तर मी त्या काळचा एक कम्प्युटर शोधते.

रंगभवन_८९ | २६ जून, सकाळी ६:४५

निरोप पाठवला आहे. भावालाही आत्ताच उठवून सांगितलं.

खरखर | २० जुलै, रात्री ११:१०

धागा वर काढतोय. झालं.

तुम्ही लिहिलेलं तिघांनी मिळून वाचलं, शेडमध्ये, चहा पीत. ठरलं ते असं: इंटरफेस भाड्याने आणला, पण ट्रॅक आठच. नववा काढायचा नाही. तिघांनी एकत्र, एका वेळी, एका जागेत वाजवायचं. एका गाण्याला चार टेकपेक्षा जास्त नाही. टेकचे तुकडे जोडायचे नाहीत, ठोके सरकवायचे नाहीत. माउसला हात लावायचा तो फक्त सुरू आणि बंद करायला. ही नियमावली खडूने प्रेसच्या बाजूच्या फळ्यावर लिहिली, जिथे एरवी दिवसाचं उत्पादन लिहितात.

किकला एक माइक, स्नेअरला एक, वर दोन. बासला एक, गिटारच्या ॲम्पला एक. सातवा माइक शेडच्या टोकाला, पत्र्याच्या दारापाशी, माझ्यापासून साठ फुटांवर. आठवा ट्रॅक आवाजासाठी राखून. @रीळ_आणि_मी, लेव्हल उणे बारालाच ठेवली. गिटारवाला दोनदा ‘वाढव’ म्हणाला, वाढवली नाही.

त्या सातव्या माइकबद्दल लिहितो. साठ फूट म्हणजे आवाज तिथे पोचायला पन्नासेक मिलिसेकंद. स्नेअर मारला की आधी तो जवळून लागतो, आणि मग पूर्ण शेड त्याला उत्तर देते. पत्रा, प्रेसची लोखंडी चौकट, कोपऱ्यातली डायची मांडणी, सगळं त्यात आहे. मी पहिल्या टेकनंतर हेडफोन लावून तो एकटा ट्रॅक ऐकला आणि हेडफोन काढून बासवाल्याच्या हातात दिला. बोलायला काही सुचलं नाही. मला निर्वाणाच्या त्या रेकॉर्डमध्ये जी खोली दिसायची, तशी आमची शेड दिसत होती. आणि ते लॅपटॉपवर होतं.

पहिल्या शनिवार-रविवारी चार गाणी झाली. दुसऱ्या शनिवारी पाऊस. पत्र्यावर असा कोसळला की काउंट ऐकू येईना. तीन तास बसून राहिलो. मग थोडा कमी झाला तेव्हा पाचवं गाणं वाजवलं. दुसरा टेक चांगला आला, आणि त्याच्या शेवटच्या ठोक्यानंतर सहा-सात सेकंद नुसता पाऊस आहे. तो तसाच ठेवलाय.

आवाज रविवारी घेतला. मिक्स दोन रात्रींत संपलं, कारण ठरवण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. ते सरकवत बसलेलं जुनं गाणंही पुन्हा वाजवलं, तेच सहावं. दुसऱ्या कडव्याला पळालो. ठेवलं.

पोर्टास्टुडिओ वाया गेला नाही. तयार मिक्स आम्ही त्याच्यावर, दोन ट्रॅकवर, सुया लाल भागात जातील असं उतरवलं आणि परत लॅपटॉपवर घेतलं. कॅसेटवरून आलेलं जरा जाड, जरा मळकट आहे. गिटारवाल्याला ते आवडतं, बासवाल्याला सरळ लॅपटॉपवरचं. म्हणून कॅसेटच्या प्रतींवर एक आणि इंटरनेटवर दुसरं.

डबलपेडल | २० जुलै, रात्री ११:३०

साठ फुटांवरचा माइक! माझ्या वेगाला तो सगळा गाळ करेल, पण तुमच्यासाठी किती योग्य आहे रे. दुवा दे लवकर.

सुईदोरा | २१ जुलै, सकाळी ९:००

पाकिटावर टेकचे आकडे छापणार ना?

खरखर | २१ जुलै, रात्री १०:२०

छापलेत. सहाही गाण्यांचे, माइक कुठे होते त्या शेडच्या नकाशासकट. पाचव्यापुढे ‘टेक दुसरा, पाऊस’ असं आहे.

@रंगभवन_८९ काका, आठही ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइल म्हणून काढलेत, शून्यापासून. तिघांच्या घरी एक-एक डिस्क, आणि चौथी प्रत गिटारवाल्याच्या मावशीकडे, ओहायोला. कॅसेटचा मास्टर प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत. तुमच्या भावाच्या डीव्हीडीचं काय झालं?

रंगभवन_८९ | २२ जुलै, सकाळी ७:१०

पाचपैकी दोन गाण्यांचे ट्रॅक उघडले. ताईंनी काल रात्री पाठवले. बास ऐकू येतो. भावाने बासवाल्याला फोन लावून नुसता तो एक ट्रॅक ऐकवला.

तुमची कॅसेट मला हवी आहे. घ्यायला भोसरीला कधी येऊ?

खरखर | २२ जुलै, दुपारी १:४५

येत्या रविवारी या. नाशिक फाट्याला उतरून फोन करा, मी गाडी घेऊन येतो. येताना ती शिट्टीची कॅसेटही आणा. आमचा ॲम्प तिथेच आहे.